धुऊन ठेवलेला खिळा

तबेल्यात त्याला सगळे 'चकाचक' म्हणत. मोतद्दारीत तीस वर्षं गेली, पण त्याच्या हाताखालचा घोडा कधी कुणी शेणाने माखलेला पाहिला नाही. जखम दिसली की धू, पूस, औषध लाव, पट्टी बांध. डॉक्टर येईपर्यंत त्याचं सगळं उरकलेलं असायचं, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

त्या सकाळी तांबडी घोडी तीन पायांवर उभी दिसली आणि तो हातातली बादली टाकून धावला. ही त्याच्या डोळ्यांदेखत जन्मलेली. लेकीपेक्षा हिचेच लाड जास्त, असं बायको तोंडावर म्हणायची. खूर उचलून पाहतो तर तळव्यात खिळा! त्याने पकडीने तो उपटला, तळवा धुतला, डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या येईपर्यंत खिळासुद्धा नळाखाली घासून फळीवर ठेवला.

"काढलात? आणि धुतलातही?" बाईंनी कपाळाला हात लावला. "किती आत होता? तिरका की सरळ?"

त्याने फळीवरचा चकचकीत खिळा पुढे केला.

"तसाच ठेवून एक्स-रे काढायचा असतो, काका. सांध्यापर्यंत गेला असेल, तर घोडी हातची गेली. आता भोकही मिटलंय. शोधू कुठे?"

बाई खूर तासू लागल्या. पाय धरून तो वाकून बसला. आपल्याच हाताने घात केला, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी एक काळा ठिपका सापडला. त्यात बारीक सळई घालून बाईंनी एक्स-रे काढला.

"वाचली. सांधा बोटभर लांब राहिलाय."

त्याला रडूच फुटलं.

"लगेच फोन केलात म्हणून बरं," पोटीस बांधत बाई म्हणाल्या. "नाहीतर वरून भोक मिटतं, आत पू साठतो, आणि दोन आठवड्यांनी जनावर अचानक लंगडतं. मग लोक नालबंदाच्या नावाने खडे फोडतात."

त्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. नऊ वर्षांपूर्वी काळ्या घोड्याच्या खुरातला खिळा त्याने असाच काढला होता, असाच धुतला होता, आणि कुणालाच कळवलं नव्हतं. मध्ये दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, नवे नाल ठोकले. दोन आठवड्यांनी घोडा लंगडला आणि पुढे दगावला, तेव्हा त्याने भर अंगणात दाजींची अब्रू काढली होती. त्यानंतर तो बहिणीच्या घराची पायरी चढला नव्हता.

बाई गेल्यावर त्याने बायकोला फोन लावला.

"दाजी आत्ता घरी असतील का गं?"

"अगंबाई! आज दाजी कसे आठवले?"

"काळा घोडा त्यांनी नाही मारला," तो म्हणाला. "मी मारला."