शहागडचा हॉर्न

आमच्या आबांची हसनाबादला बँजो पार्टी होती. चार माणसं: बँजो, ढोलकी, पॅड आणि गायला आबा. लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, आमच्या भागात तेव्हा दुसरं नाव निघत नसे. त्यांची एकच कॅसेट निघाली. ती शहागडला, हायवेवरच्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड झाली, आणि नेमकं सगळ्यात गाजलेल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर ट्रकचा हॉर्न शिरला. पुन्हा गायचं म्हटलं, तर ढोलकीवाल्या काकांना शेवटची एसटी गाठायची होती. हॉर्न तसाच राहिला.

ती कॅसेट आबांनी घरात कधी लावू दिली नाही. पार्टी मोडल्यावर गाणंही सोडलं. "लोकं गाण्याला न्हाई, हॉर्नला हसून राह्यले," म्हणायचे.

मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत काम करते. खराब दाणा वेचून बाजूला काढायचा, ही माझी रोजची सवय. मागच्या वर्षी कॅसेट जालन्यात नेऊन साफ करून घेतली, हॉर्न काढून टाकला आणि गाणं यूट्यूबवर चढवलं. वाटलं, आता तरी आबांचं गाणं लोक गाणं म्हणून ऐकतील.

पहिलीच कमेंट आली: 'हॉर्न कुठं गेला? हे डुप्लिकेट दिसून राह्यलं.' मग तशाच कितीतरी. मी एकेकाला तिखट उत्तरं दिली, पण कुणी ऐकेल तर शपथ.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात लोकांनी आबांना गायचा आग्रह धरला. आबा हलेनात. पार्टीतलं दुसरं कुणी आता नाही, फक्त ढोलकीवाले काका उरलेत. ते आबांचा हात धरून बसले. "मंग मी ढोलकी कशापायी घेऊन आल्तो?"

आबा उठले. आवाज पार बसला होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि सगळा मांडव एका दमात ओरडला, "पॉंऽऽऽ!" म्हातारे, करवल्या, पंगतीतले वाढपीसुद्धा. आबा थांबले. पण हसत कुणीच नव्हतं. सगळ्यांनी मिळून तिसरं कडवं उचललं, शब्द न् शब्द पाठ. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि वरचा सूर लावला.

घरी आल्यावर म्हणाले, "तू काढलेला हॉर्न परत टाक."

मी मूळ गाणं चढवलं. खाली कुणी काय वाजवलं ते लिहायचं होतं. आबा सांगत गेले: बँजो, ढोलकी, पॅड, गायन. मी मोबाईल खाली ठेवणार, तोच म्हणाले, "थांब, एक जण राह्यला. हॉर्न. लिही, शहागडचा ट्रकवाला."