भिंतीवरच्या तेवीस मुदी

आमच्या घरी खाणारी तोंडं सहा आणि भात पातेल्याच्या तळाशी. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आई पितळेच्या छोट्या वाटीत भात दाबायची आणि प्रत्येकाच्या ताटलीत वाटी पालथी घालायची. इतरांकडे भाताची मूद म्हणजे पंगतीचा थाट. आमच्याकडे ते माप होतं. स्वतःची मूद ती सगळ्यात शेवटी घालायची, आणि बरेचदा ती वाटी भरायची नाही. त्या मापावर मी वाढलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि परीक्षा देऊन दिल्ली पोलिसांत फौजदार झालो. हे आधी सांगतो, कारण एक प्रकरण असं आहे की अजूनही भर दुपारी ते आठवलं की मी हातातलं काम थांबवतो. ते पदवीनं सुटलं नाही, वाटीनं सुटलं.

यमुनेपलीकडे तेव्हा नोएडाचे नवे सेक्टर उभे राहत होते. अलीकडे, आमच्या हद्दीत, दोन धर्मांच्या मजुरांच्या दोन वस्त्या होत्या आणि मध्ये एक विटांची भिंत. दोन्हीकडच्या तरुण पोरापोरींनी मिळून तिथे एक सामायिक स्वयंपाकघर चालवलं होतं. दुपारी एकच मोठं पातेलं, वाढपी दोन्ही वस्त्यांतले, जेवायला लहान मुलं. मग एक दिवस क्षुल्लक कारणावरून दगडफेक झाली. एक वाढपी, एकोणीस वर्षांचा, डोक्यात दगड लागून गेला. दोन्हीकडच्या चौधऱ्यांनी, म्हणजे वस्तीच्या म्होरक्यांनी, फर्मान काढलं : पलीकडच्यांच्या हातचं कुणी खायचं नाही. स्वयंपाकघराला कुलूप लागलं.

महिन्याभरानं नाक्यावरचा चहावाला ठाण्यात आला. "साब, दीवार पर मुर्दों का खाना रखा जाता है. और ज़मीन के नीचे से आवाज़ें आती हैं."

मी हवालदाराला घेऊन बाराच्या सुमारास गेलो. भिंतीवर ओळीनं पत्रावळीचे तुकडे, प्रत्येकावर भाताचा पांढरा गोळा, एकाच आकाराचा. वरती खळगा आणि त्यात पिवळं वरण. लांबून वाटावं, डोळे लावून कुणी बघतंय.

"जनाब, ये पिंड हैं," हवालदार हळूच म्हणाला. "गिनके रखे हैं. तेईस."

तेवढ्यात आवाज आला. पायाखालून. पुटपुट, मग गुणगुण, मग हसणं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हवालदारानं माझी बाही धरली. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यानं कुणाची बाही धरली नसेल. आम्ही पंच आणायला नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पत्रावळी तेवीसच्या तेवीस रिकाम्या. एक शीत नाही. कावळा आला असता तर भात सांडला असता.

दोन्ही वस्त्यांचा निवाडा झालेला होता. एकीकडे म्हणत, तिकडचे आमच्यावर करणी करतायत. दुसरीकडे म्हणत, पलीकडचे आमच्या तेवीस माणसांचे पिंड आधीच पाडतायत. एका घरात पोर तापानं फणफणलं आणि शुक्रवारी भिंत फोडायची असं ठरलं. ठरवणाऱ्यांकडे काठ्या होत्या. माझ्याकडे तीन दिवस आणि सहा शिपाई.

मी पहिली चूक केली. भिंतीलगत एक बांधकाम चालू होतं, तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराला उचलून मंगळवारी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. तो एकच वाक्य बोलत राहिला : "मैं तो उधर देखता भी नहीं, साब." ते खरं होतं. तिकडे कुणीच बघत नव्हतं.

बुधवारी मी एकटा गेलो आणि भिंतीशी डोळे नेऊन उभा राहिलो. भाताच्या माथ्यावर, वरणाभोवती, एक बारीक गोल वळ होता. वाटीच्या बुडाचा. पिंड हातानं वळतात, त्याला असा वळ नसतो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, ही तर मूद."

दिल्लीच्या त्या कोपऱ्यात भात पालथ्या वाटीनं कोण घालणार? चौकशीला तासही लागला नाही. बंद झालेल्या स्वयंपाकघराची स्वयंपाकीण मराठवाड्यातली होती. नवरा बांधकामावर आला, वारला, ती राहिली. ठाण्यात आणली. हिंदीत अर्धा तास विचारलं, ती खाली बघत बसली. मग मी म्हणालो, "मावशी, मूद कुणासाठी घालता?"

तिनं मान वर केली. "साहेब तुमी आपल्याकडचे?"

"वऱ्हाडातला. वाटी पितळेची आहे ना?"

"व्हय. आईची." आणि मग ती थांबली नाही. उरलेला शिधा तिच्या खोलीत होता. भिंतीखालून, जमिनीत, सांडपाण्याचे मोठे पाइप टाकून ठेवले होते, अजून गटाराला जोडलेले नव्हते. एक तोंड या वस्तीत, एक त्या. पोरं दोन्हीकडून आत शिरत, वाढपी भिंतीवरून पत्रावळी उचलून आत देत आणि रिकाम्या परत ठेवत. आवाज तिथूनच यायचे. "आयांना सगळं ठाव हाय. बापांना न्हाई."

"मग भिंतीवर का ठेवायचं? सरळ हातात द्यायचं."

"कुणी इचारलं तर शपथेवर सांगता यावं. म्या ठिवते, नेतं कोण, म्या बघितलं न्हाई."

गुरुवारी दुपारी मी दोन्ही चौधऱ्यांना पाइपाच्या दोन तोंडांशी बसवलं. म्हटलं, बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. आतून एका मुलीचा आवाज आला, "आज दाल में पानी ज़्यादा है, भूत भी शिकायत करेंगे!" आणि बरीच पोरं खिदळली. एका चौधऱ्यानं डोक्यावरचा गमछा काढून तोंडावर धरला. बोलणारी त्याची नात होती. दुसरा गुडघ्यावर हात टेकून उठला. म्हणाला, "तो ये पिंड नहीं?"

मावशीला मी सोबत आणलं होतं. ती तिच्या हिंदीत म्हणाली, "पिंड मरे हुए का होता, बाबा. ये भूखे का है."

पोरं एकेक करून बाहेर आली. मी मोजली. बावीस.

"मावशी, मुदी तेवीस."

"एक त्या वाढप्याची. त्यानं त्या दिशी जेवण केलं नव्हतं. वाढपी शेवटी जेवतो."

मी प्रत्येक मुलाला, प्रत्येक वाढप्याला वेगळं विचारलं. ती मूद कुणी घेतली नव्हती. तिला हात लावायचा नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. ती पत्रावळ मात्र इतरांइतकीच स्वच्छ होती. रोजनाम्यात मी याबद्दल काही लिहिलं नाही. अजूनही काय लिहावं ते मला कळलेलं नाही.

त्या प्रकरणानं एवढं शिकवलं की घाबरलेला माणूस समोरच्या वस्तूत आधी आपली भीती बघतो, आणि पोलिसानं वस्तू बघायची असते. अगदी जवळ जाऊन.

शुक्रवारी भिंत फुटली नाही. सोमवारी स्वयंपाकघराचं कुलूप निघालं, आणि माझी बदली होईपर्यंत दोन्ही वस्त्यांतली मुलं रोज दुपारी तिथे, उघड्यावर, एका पंगतीत जेवली.