ऊनाचा खोकला

मेंढी चोरल्याचं होनोरा टूहीने कोर्टात सरळ कबूल केलं. बटाटा शेतातच सडला होता, नवरा तापाने गेला होता, आणि चार वर्षांची लेक ऊना भुकेने भिंतीचा चुना खात होती. होनोराला सात वर्षं काळ्या पाण्याची, जगाच्या दुसऱ्या टोकाला होबार्टला धाडण्याची, शिक्षा झाली.

डब्लिनच्या तुरुंगात जहाजाची वाट बघताना तिला एकच घोर लागला. आईबरोबर लहान मूल नेऊ देत, पण डॉक्टरने होकार दिला तरच. आणि ऊनाला खोकला झाला होता.

"खोकली तर इथेच ठेवून घेतील," शेजारची पेग डोरन म्हणाली. "माझ्या बहिणीचा पोरगा असाच राहिला. पुढे कुणी पाहिला नाही त्याला."

मग होनोराने पोरीला शिकवलं, "मी हात दाबला की श्वास धरायचा."

तपासणीला डॉक्टरने ऊनाला विचारलं, "नाव काय तुझं?" होनोराने हात दाबला. ऊनाचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही.

"मुकी आहे काय?"

"लाजते साहेब."

"बरंय. जहाजावर तेवढीच शांतता," म्हणत त्याने सही केली.

साडेतीन महिन्यांच्या प्रवासात जहाजावरची दोन मुलं दगावली, त्यांना समुद्रात सोडावं लागलं. होनोरा पोरीच्या छातीवर हात ठेवूनच बसायची. ऊना मात्र खाऱ्या वाऱ्यावर सुधारली. पण होबार्टच्या धक्क्यावर उतरताच एका बाईने ऊनाचा हात आईच्या हातातून सोडवून घेतला. मुलं अनाथाश्रमात, आया कामाला. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"भेटेल कधी?"

"नीट वागलीस तर महिन्यातून एकदा."

पण कामाचं घर दूरच्या गावात मिळालं, तिथून महिन्याला येणं जमेना. आश्रमात गोवर आल्याचं कानावर आलं, की दारावरच्या प्रत्येक थापेला ती हातातलं काम टाकून धावायची. मालकीण काहीही बोलली तरी तिने कधी उलटून उत्तर दिलं नाही. नीट वागल्याने सात वर्षं भरायच्या आत, तीन वर्षांनीच मोकळीक मिळाली, एका सुताराशी लग्न झालं, तेव्हा कुठे पोर परत मिळाली.

ऊना घरची आयरिश भाषा विसरली होती. होनोराच्या मोडक्या इंग्रजीला ती "हो बाई" म्हणायची.

पहिल्या रात्री ती बूट घालूनच झोपली.

"काढ ना गं," होनोरा म्हणाली.

"सकाळी परत नेतील ना?"

"नाही नेणार कुणी."

ऊनाने मान डोलावली, पण बूट काढले नाहीत. झोपताना ते तिने पहिल्यांदा पायांतून काढले, तोवर ती आल्यावर होनोराने परसात लावलेले बटाटे काढणीला आले होते.