सरांचं पिवळं कार्ड

सरांच्या हनुवटीवर कापूस होता. सातला दाढी करताना कापलं म्हणे, आणि अकरा वाजले तरी कापूस लालच. मी तिसऱ्यांदा बदलून दिला. बावीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात लोकांची बोटं टोचतेय मी. जिवाला चैन पडेना.

आमच्याकडे येतात ते ठोके चुकणाऱ्या हृदयाचे पेशंट. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. पण फार पातळ झालं तर ते थांबत नाही, म्हणून महिन्याला तपासणी. प्रत्येकाचं पिवळं कार्ड, त्यावर घरच्या माणसाचा नंबर. पेशंट आठवडाभर चुकला की मी त्या माणसाला फोन करून भंडावून सोडते. ही शिस्त सरांचीच. दुखण्याच्या गोळीनं अशा पेशंटचा रक्तस्राव वाढतो; कुणी ती आपल्या मनानं घेतली, तर सर असे तापायचे की बाहेरची रांग चिडीचूप.

स्वतः सरही सहा वर्षं हीच गोळी घेत होते.

मी कार्डांचा डबा उपसला. त्यांचं कार्डच नव्हतं, म्हणून माझ्या यादीत नाव नव्हतं. माझं लक्ष गेलं नाही, ही माझी चूक. मग तडक आत गेले. समोर एक आजी बसल्या होत्या, तरी मी सरांच्या टेबलाचा खण ओढला. कार्ड होतं. त्यावर औषध कंपन्यांनी फुकट वाटलेल्या दुखण्याच्या गोळ्या, तीन पाकिटं रिकामी. शेवटची तपासणी आठ महिन्यांपूर्वीची.

"बाई, तो माझा खण आहे."

"आणि हे माझ्या डब्यातलं कार्ड आहे. बोट द्या."

"बाहेर तीस माणसं बसलीत."

"बसू देत."

"द्या की हो डॉक्टर," आजी म्हणाल्या. "मला तर एकदा लग्नातून उठवून आणलं होतंत."

मी बोट टोचलं. दोन ते तीन हवा असतो तो आकडा सात आला, म्हणजे रक्त फारच पातळ. मला असा राग आला की तोंड आवरेना.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

"कंबर धरली होती," ते हळूच म्हणाले. "पण घरी बसवत नाही हो. इथे आलं की दिवस तरी जातो."

"मग कार्ड का लपवलंत?"

त्यांनी कार्डावरच्या नंबरवर बोट ठेवलं. मॅडमचा, त्यांच्या पत्नीचा नंबर. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

"मी चुकलो की तुम्ही इथे फोन लावणार. तो फोन अजून चालू आहे, मी रोज चार्ज करतो. तो वाजला असता, बाई, आणि उचलायला मीच असतो."

आजी पदरानं डोळे पुसत होत्या. मला रडू आलं होतं, पण वेळ नव्हता. मी गाडी बोलावली, मोठ्या इस्पितळात कळवलं, रांगेला उद्या यायला सांगितलं. सर उठेनात.

"उद्या यांना कोण बघणार?"

"तुमचे डॉक्टर मित्र बघतील. त्यांना मी आत्ताच विचारलं. तुम्ही एवढ्या दिवसांत कधी विचारलंत का?"

सर खुर्चीचा हात धरून उठले. मी कार्ड घेतलं. मॅडमचा नंबर खोडला नाही. त्याच्याखाली माझा लिहिला आणि कार्ड डब्यात सगळ्यांत पुढे लावलं.