पाच वाजता किल्ली कोणाकडे?

महिपतीकाका वाघमारे तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासणं थांबलेलं नाही. भाजीवाला 'आजचीच मेथी' म्हणाला की काका जुडी उलटी करून देठ बघतात. दारात कुणी सर्व्हेवाला आला तर आधी ओळखपत्र, मग त्यावरचा फोटो, मग समोरचं तोंड. बोलतात कमी. "असं का," एवढंच. पण ते अशा सुरात म्हणतात की खरं बोलणाराही खिसे चाचपायला लागतो.

आमच्या विश्रांतवाडीतलं बसस्थानक खासगी भागीदारीतून नवं होणार असं ठरलं. जमीन सरकारची, पैसा कंपनीचा. खाली बस, वर मॉल, तीस वर्षं ताबा कंपनीकडे. लोक खूश. काकांनी मात्र नकाशा मिळवला आणि दोन संध्याकाळी त्यावर बोट फिरवत बसले. त्यांची मुलगी शर्मिला तिथूनच निघणाऱ्या बसवर कंडक्टर आहे. पहिली फेरी सव्वापाचची. बायकांचं स्वच्छतागृह नव्या नकाशात पहिल्या मजल्यावर, मॉलच्या आत होतं.

"बरं आहे की, एसी असेल," काकांच्या पत्नी नंदाकाकू म्हणाल्या.

"मॉल उघडतो कितीला?"

"अकराला."

"असं का."

"पुरुष जातात गाडीमागे," शर्मिला म्हणाली. "आम्ही अकरापर्यंत काय करायचं, बाबा?"

नकाशावरच्या जाहीर सुनावणीला आमची अख्खी इमारत गेली होती, त्यामुळे पुढचं ऐकीव नाही. कंपनीचा अधिकारी समर्थ पडद्यावर लाल ठिपका नाचवत होता. "सो ॲक्च्युअली, पॅसेंजरचा होल एक्स्पीरियन्सच चेंज होणार आहे, राइट?" शेजारी सरकारी अभियंता साहेब. ते प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून म्हणायचे, "सदर बाब... तपासण्यात येईल."

मुरलेला तपासनीस 'तिकीट आहे का' असं विचारत नाही. 'कुठे बसलात?' विचारतो आणि वाट बघतो. काका उठले.

"पहाटे पाचला त्या मजल्याची किल्ली कोणाकडे?"

"सर, ते... सरकारी साइडनं बघतील," समर्थ म्हणाला.

"परिचालन ही बाब कंपनीच्या अखत्यारीत येते," साहेब म्हणाले.

"म्हणजे कोणाकडेच नाही."

काका उभेच राहिले. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर बघतो तसे ते दोघं पडद्याकडे बघत होते. शेवटी समर्थ म्हणाला, "ओके सर, लेडीज टॉयलेटला जायला ग्राउंडला बाहेरून सेपरेट डोअर देतो. ट्वेंटी फोर अवर्स. डन."

"लिहून द्या."

"मेल करतो ना, सर."

"आत्ता द्या. मी बसलोय."

अर्ध्या तासानं छापील कागद आला. 'महिला स्वच्छतागृहाचे तळमजल्यावरील दार शक्यतो चोवीस तास खुले राहील.' काकांनी 'शक्यतो'वर बोट ठेवलं.

"ती कार्यालयीन भाषा असते हो," साहेब म्हणाले.

"बरं. मग माझी मुलगीही गाडी शक्यतो सव्वापाचला काढेल."

तो शब्द कागदावरून निघाला. काकांनी दोघांच्या सह्या एकाच कागदावर, एकाखाली एक घेतल्या.

घरी शर्मिलानं विचारलं, "झालं का?"

"कागद झाला."

आता तिथे भिंती वर आल्यात. काका रोज पत्र्याच्या फटीतून डोकावतात. काल त्यांनी वॉचमनला दाराची जागा विचारली.

"कौनसा दरवाजा, अंकल? यहाँ तो एटीएम आ रहा है."

काकांनी कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि साहेब यायच्या आधीच कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले.