गाडी जाईल एवढी वाट

निरगुडसरला माझं घर थोरल्या चुलतभावाच्या, दादाच्या, घरामागे आहे. रस्त्यावर यायचं तर त्याच्या जागेतून. नव्वदच्या दशकात बटाट्याच्या व्यापारात हातपाय हलवून मी जरा वर आलो आणि जपानी धाटणीची ती छोटी आठशे सीसीची गाडी घेतली, जुनीच. गाव तिला काडेपेटी म्हणायचं. जपान्यांनी स्वतःच्या अरुंद गल्ल्या बघून तसल्या गाड्या काढल्या, असं विकणारा सांगत होता. मला ते पटलं.

वाट ठरवायला गावातली जाणती माणसं बसली. दादा म्हणाला, बैलगाडी जाईल एवढी वाट देतो, बदल्यात विहिरीकडची तेवढीच जागा दे. बैलगाडीपेक्षा माझी गाडी अरुंद होती. मी म्हटलं, "बैलगाडी हाये कुनाकडं आता? माझी गाडी जाईल एवढीच द्या, आन् जागाबी तेवढीच घ्या." मी गाडी सावकाश आत नेली. दोन्ही बाजूंना वीतभर सोडून माणसांनी जमिनीवर चुन्याच्या फक्कीची रेघ ओतली. दादाने त्या फक्कीवर दगडी भिंती चढवल्या. कमी जागा देऊन सौदा मीच मारला होता.

पुढे गाड्या अंग धरत गेल्या. छोटी गाडी म्हणूनच विकायच्या, पण दरवाजे जाड झाले, चाकं रुंद झाली, आरसे कानांसारखे बाहेर आले. दोन हजार सालानंतर मी ती काडेपेटी देऊन नवी गाडी घेतली. शोरूमचा पोरगा म्हणाला, "साहेब, ही पण स्मॉल कारच." मी किमतीवरून त्याच्याशी दुपारपर्यंत भांडलो. रुंदी विचारली नाही.

नवी गाडी मंचरहून घरी आणताना आईला मागच्या सीटवर बसवलं होतं. तिला दमा. बायको दारात आरतीचं ताट घेऊन उभी. दादा वाटेच्या तोंडाशी आपल्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"जानार न्हाई रं," तो म्हणाला.

"वाट गाडीची ठरलीय. ही गाडी न्हाई का?"

"गाडी तुझी बदलली. वाट न्हाई बदलली."

"मग भिंत सरकवा!"

"जागा दे, सरकवतो."

माझं डोकं फिरलं. आरसे मिटवले आणि घातली आत. अर्ध्यात भिंतीने पोट काढलं होतं, तिथे दोन्हीकडून पत्रा खरडला आणि गाडी अडकली. मागे घ्यायला गेलो तर आणखी आवळली. दरवाजा बोटभरही उघडेना. मागून आईचा श्वास ऐकू यायला लागला, शिट्टीसारखा.

"काचा खाली घे!" बायको ओरडली. घेतल्या. खिडकीत नुसते दगड. कुणीतरी मागचं झाकण उघडलं. पण सीटवरून चढून यायला आईचे गुडघे कुठले!

"दादा, आईला हवा लागंना!" मी ओरडलो. आयुष्यात त्याच्याकडे पहिल्यांदा मी भाव न करता काही मागितलं.

तो पहार घेऊनच आला. आईच्या दाराजवळचे दगड त्याने एकेक करून आपल्या अंगणात ओढले. धुरळ्याने आई जास्तच खोकली. दगड ढासळून माझ्या गाडीच्या दारावर पोचे पडत होते आणि मी "काढा, काढा" म्हणत होतो. दार उघडल्यावर त्याने तिला उचललं आणि ओट्यावर नेऊन बसवलं. तिची धाप ओसरायला बराच वेळ गेला.

गाडी मागे काढल्यावर मी म्हटलं, "बरं झालं, आता एवढी वाट अशीच राहू द्या."

"काकूसाठी पाडली," तो म्हणाला. "तुझ्यासाठी न्हाई."

दुसऱ्या सकाळी गवंडी आला. त्याने दोरी लावली, जुन्या रेघेला धरूनच. मी तिथेच उभा राहून तंडलो. आई ओट्यावरून म्हणाली, "तू जागा दे की."

मी दिली नाही. गाडी रस्त्यावर उन्हात उभी असते. विहिरीकडची उरलेली जागा माझी आहे.