भांग कुठल्या बाजूला?

झुबेदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यातल्या तिच्या बंद स्टुडिओत उभी होते, हातात तिचा कंगवा घेऊन. आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी मोबाईल काढला, तशी तिने मान फिरवली होती. "झोपलेल्या माणसाचा फोटो काढत नाहीत गं. उद्या कंगवा आण, मला उठवून बसव, मग काढ." ...याला आता महिना होत आला.

कॅमेऱ्यावर पोट भरणारी ती आमच्या भागातली पहिली बाई. लग्नात वऱ्हाडी नवरीआधी तिलाच बघायचे, असं हसत सांगायची. एकाहत्तरच्या लढाईत एका साप्ताहिकासाठी ती सीमेजवळच्या लष्करी इस्पितळापर्यंत पोचली. तिथे तिला सुदुंबऱ्याचा एक जखमी जवान दिसला. आपल्या मावळातला. बोलण्याचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. नर्सच्या मदतीने तिने त्याला उशीला टेकवून बसवलं, पिशवीतल्या कंगव्याने केस विंचरले आणि फोटो काढला. तो वाचला नाही. परतल्यावर साप्ताहिकाकडे जाण्याआधी ती फोटो घेऊन सुदुंबऱ्याला गेली. त्याच्या आईने तो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला.

"पोरी, भांग कुनी पाडला याचा?"

"मी, आई."

"तरीच. ह्या बाजूला न्हाई पाडायचा त्यो. लहानपणची खोक हाय तितं, ती झाकायचा." मग फोटो छातीशी धरून म्हणाली, "आसूं दे. तुजा हात तरी फिरला त्याच्या डोक्यावरनं."

तो फोटो मावशीने साप्ताहिकाला दिलाच नाही. आणि त्यानंतर समोर कुणीही बसो, कॅमेरा उचलण्याआधी ती विचारायची, "भांग कुठल्या बाजूला?"

मी पत्रकांवर वाढलेली. वडील युनियनचे, घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वराळ्याकडच्या एका कारखान्यात एका कामगाराचा उजवा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा मी मावशीला त्याच्या घरी नेलं. पत्रकासाठी मला रक्ताळलेली पट्टी, विस्कटलेले केस, विझलेले डोळे हवे होते. मावशीने त्याला आधी खुर्चीवर बसवलं आणि कंगवा पुढे केला.

"मावशी, हे खोटं आहे," मी चिडले. "तो काही नवरदेव नाही."

"गरिबाला विस्कटलेला दाखवायची भारी घाई तुम्हाला."

तो हसला. "मावशी, डाव्या हातानं कदी इंचारलं न्हाई. तुमीच करा."

"भांग कुठल्या बाजूला?"

पत्रकावर तो ताठ बसलेला दिसतो. हात पट्टीत, नजर सरळ तुमच्याकडे. मी अजूनही मावशीशी पुरती सहमत नाही. ज्यांनी माणसं मोडली, त्यांना ती मोडलेलीच बघायला लावली पाहिजेत. पण गेटवर लावलेल्या त्या फोटोसमोरून साहेब मंडळी खाली मान घालून जात होती, हेही मी पाहिलंय.

पुरवणीने या लेखासोबत मावशीचा फोटो मागितला. तो नाहीच. आयुष्यभर ती कॅमेऱ्याच्या मागेच राहिली. एक काढायचा होता... स्टुडिओच्या दाराशी छोटा आरसा आहे, त्याखाली सुतळीला बांधलेला कंगवा लटकायचा. मी तो पुन्हा तिथेच बांधलाय. तिच्या डोक्यावरचा पदर सरकलेला मी कधीच पाहिला नाही. त्या सकाळी ती उठून बसली असती, तर तो हलकेच मागे सारून, कंगवा हातात घेऊन, आधी मला तिलाच विचारावं लागलं असतं.